छेदात कोण?

1982 साली शिकागोच्या वेस्टसाइड प्रेपरेटरी शाळेत एक नवा विद्यार्थी आला. वर्गात सगळी लहान मुलं आणि त्यांच्यात हा विशीतला, उंचापुरा बास्केटबॉलपटू. नाव केव्हिन रॉस.

नुकतीच त्याने क्रेटन विद्यापीठात चार वर्षं काढली होती. खेळाच्या शिष्यवृत्तीवर. पदवीला लागणाऱ्या 128 पैकी 96 क्रेडिट त्याच्या नावावर होते. त्यात नेमबाजी आणि 'बास्केटबॉलचा सिद्धान्त' हेही विषय होते. बाहेर पडताना त्याचं वाचन सातवीच्या मुलाइतकं होतं आणि एकूण भाषा चौथीच्या मुलाइतकी.

मी हे वाचलं ते एका निकालपत्रात. रॉसने पुढे विद्यापीठावर दावा लावला. 1992 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की शिकवण्याचा दर्जा जोखणं हे कोर्टाचं काम नाही. फक्त दिलेला शब्द पाळला का, एवढा एक मुद्दा त्यांनी खुला ठेवला. शेवटी तडजोड झाली.

निकालपत्र संपलं, पण माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिला. दर्जा कोर्ट जोखणार नसेल, तर मग जोखतं कोण?

अमेरिकेने या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात शोधलं. 1989 साली डेक्स्टर मॅन्ली हा प्रसिद्ध फुटबॉलपटू सिनेटच्या समितीपुढे बसला आणि म्हणाला, की आपल्याला वाचता येत नव्हतं. तो ओक्लाहोमा स्टेटकडून चार वर्षं खेळला होता. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1990 मध्ये, 'स्टुडंट राइट टू नो' कायदा आला. त्यामागे सिनेटर बिल ब्रॅडली आणि खासदार टॉम मॅकमिलन होते. दोघेही ऑलिंपिक खेळलेले, एनबीएत खेळलेले आणि दोघेही ऱ्होड्स स्कॉलर. खेळ आणि अभ्यास एकत्र जमतो, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. सतरा वर्षांच्या मुलाला कॉलेज बोलावतंय, तर आधीच्या खेळाडूंपैकी किती जणांना पदवी मिळाली, हे त्याला आधी कळलं पाहिजे.

मग हिशोब ठरला. पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांची एक तुकडी घ्यायची. त्यातल्या किती जणांनी त्याच कॉलेजातून सहा वर्षांत पदवी घेतली, ते मोजायचं. हा झाला फेडरल दर.

यात गंमत बघा. शकील ओनील 1989 मध्ये लुइझियाना स्टेटमध्ये दाखल झाला, 1992 मध्ये एनबीएत गेला आणि 2000 साली परत येऊन पदवी पूर्ण केली. सहा वर्षांची मुदत 1995 मध्येच संपली होती. म्हणजे या हिशोबात तो नापास. विन्स कार्टर 1995 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात दाखल झाला आणि मे 2001 मध्ये, प्लेऑफच्या निर्णायक सामन्याच्या दिवशी सकाळी, पदवीदान समारंभाला जाऊन आला. तो पास. सामना मात्र त्याचा संघ हरला.

मोठा घोळ होता कॉलेज बदलणाऱ्यांचा. एखादी मुलगी इथून तिकडे गेली आणि तिकडे पदवीधर झाली, तर पहिल्या कॉलेजच्या खात्यात ती अपयश आणि दुसऱ्याच्या खात्यात तिची नोंदच नाही. ही तक्रार खरीच होती. म्हणून कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएने 2005 पासून स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली, 'ग्रॅज्युएशन सक्सेस रेट'. बाहेरून आलेल्यांना धरायचं आणि अभ्यासात पात्र असताना सोडून गेलेल्यांना वगळायचं.

कागद घ्या. संघात दहा नवे खेळाडू. पाच पदवीधर झाले, तिघे पात्र असताना निघून गेले, दोघे अभ्यासात गळाले. फेडरल दर 50 टक्के. आता बाहेरून आलेले आणि पदवी मिळवलेले दोन खेळाडू मिळवा, गेलेले तिघे वजा करा. नऊपैकी सात. 78 टक्के. संघ तोच, मुलंही तीच.

मला आमची शाळा आठवली. नववीनंतर चार-पाच मुलं वर्गातून दिसेनाशी झाली. त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला होता. ती दहावीला बाहेरून बसली. निकालानंतर फाटकावर फ्लेक्स लागला, '100 टक्के निकाल'. फ्लेक्सवर एकही अक्षर खोटं नव्हतं. गणिताच्या तासाला आपण अंशाकडे बघायला शिकतो. खरा खेळ छेदात असतो.

नव्या हिशोबात वगळलेले ते तिघे कुठे गेले? दुसऱ्या कॉलेजात, एनबीएत की घरी? सूत्र ते विचारत नाही. 2020 मध्ये एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतल्या खेळाडूंचा हा दर 90 टक्के होता. फेडरल दर त्याहून साधारण वीस टक्क्यांनी खाली. आणि हे नवं सूत्र सामान्य विद्यार्थ्यांना लावलंच जात नाही, त्यामुळे '90 टक्के' शेजारी ठेवून बघायला दुसरा आकडा नाही.

तरी दोन्ही आकडे एका बाबतीत सारखे आहेत. पदवी दिसली की ते थांबतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 1993 ते 2011 अशी अठरा वर्षं नावापुरते वर्ग चालले. शिक्षक नाही, तास नाही, शेवटी एक निबंध. 2014 च्या चौकशी अहवालानुसार 3,100 हून जास्त विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. एनसीएएने 2017 मध्ये विद्यापीठाला शिक्षा केली नाही, कारण ते वर्ग सगळ्यांनाच खुले होते. त्या क्रेडिटवर मिळालेली पदवी दोन्ही दरांत यश म्हणूनच मोजली जाते.

म्हणून मी पुन्हा रॉसच्या त्या 96 क्रेडिटकडे येतो. आणखी 32 कुठून तरी, कसेही मिळाले असते, तर कुठल्याही सूत्राने तो यशस्वी ठरला असता. सातवीच्या वाचनासकट. त्याला त्या लहान मुलांच्या वर्गात बसावं लागलं, ही गोष्ट कुठल्याही टक्केवारीत मावत नाही. पण तिथे त्याला बसवणाऱ्यांनी निदान एक मान्य केलं होतं, की हा मुलगा अजून शिकायचा राहिलाय.