रंग हवा, विष नको
१/ १९६८. हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग खाणीतून नदीत उतरलेल्या कॅडमियममुळे होतो, हे जपान सरकारने मान्य केले.

२/ १९९३. मौंगी बावेंडी यांच्या गटाने एकसारख्या आकाराचे क्वांटम डॉट घडवले. कण लहान तर प्रकाश निळा, मोठा तर लाल. धातू मात्र तोच, कॅडमियम!

३/ पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने मँगनीजमिश्रित झिंक सल्फाइडचे सूक्ष्मकण अभ्यासले. त्यांचा नारिंगी प्रकाश कॅडमियमवाचून उमटतो.

४/ २००६पासून युरोपने विद्युत उपकरणांतील कॅडमियमवर ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली. पुढे इंडियम फॉस्फाइडचे डॉट पडद्यांत आले.

५/ २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल क्वांटम डॉटच्या शोधाला मिळाले. पडदा फेकल्यावर त्यातील धातू कोणाच्या पाण्यात उतरणार, हा प्रश्न मात्र त्या नदीकाठाने आधीच विचारला होता.