वाटा : रापणीचा आणि परसातला

आजचा भाग जेवणाच्या ताटाबद्दल आहे. पाककृती मात्र सांगणार नाही. मला त्या ताटाचा हिशेब मांडायचाय.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं मालवण, देवबाग, तोंडवळी किंवा आचऱ्याच्या किनाऱ्यावरचं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. दुपारच्या ताटात उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं आणि बाजूला आळूची भाजी. यातलं पैसे मोजून काय आणलं? बरेचदा फक्त तांदूळ आणि मसाल्याचं थोडं सामान. बांगडे रापणीच्या वाट्याचे. नारळ परसातल्या माडाचा. तिरफळं शेजारणीकडून आलेली. आळू न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला. म्हणजे निम्म्याहून अधिक ताट बाजाराच्या बाहेरून आलेलं. ते कसं येत होतं, ही आजची गोष्ट.

आधी तांदळाचं बघू. दक्षिण कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जमीन कातळाची आणि भाताचे कोपरे लहान. सगळ्या गावाला वर्षभर पुरेल एवढं भात पिकत नसे. म्हणून घरातले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, आणि घर मनीऑर्डरीवर. उरलेला तांदूळ बाहेरून यायचा. दुसऱ्या महायुद्धात हे गणित कोलमडलं. मार्च १९४२मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात येणारा तांदूळ बंद झाला. ती आवक वर्षाला साधारण पंधरा लाख टनांची होती. १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. जे भाग तांदूळ विकत घेऊन खात होते, त्यांना याची झळ पहिली लागली, आणि त्यात आपली किनारपट्टी आलीच. तेव्हा हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ला.

त्याच काळात इंग्लंडमध्ये सरकार लोकांना सांगत होतं की हिरवळ खणा आणि बटाटे लावा. आपल्याकडेही ‘अधिक धान्य पिकवा’ अशी मोहीम निघाली. मालवणच्या बाईला हे वेगळं सांगायला लागलं नसेल. तिच्या परसात आळू, केळ, तोंडलीचा मांडव आणि चार माड आधीपासून होतेच. भात कापून झालं की ओलाव्यावर कुळीथ आणि चवळी. विहिरीला पाणी असेल तर तांबडी भाजी, मुळा, मिरची. आंघोळीचं पाणी केळीला, मासे धुतलेलं पाणी माडाला. मासळी फार झाली आणि खपली नाही, तर तीही माडाच्या मुळात पुरायची. समुद्रातून आलेलं असं नारळातून परत ताटात यायचं.

आता रापण. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जाळ्याच्या एका दोराचं टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, जाळं सोडत सोडत अर्धवर्तुळ घेते आणि दुसऱ्या दोराचं टोक घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढायला लागतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींजवळ सरकतात आणि मधला खोलगट भाग मासळीसकट वाळूवर येतो. तीस-चाळीस माणसं तरी लागतातच. हे एकट्या श्रीमंताचं काम नाही, आणि रापणीचं मर्म नेमकं इथेच आहे.

गाबीत समाजाच्या घरांनी मिळून रापण चालवायची. मासळी आली की विक्री, खर्च वजा, मग वाटे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. शिवाय ज्यांचं नाव रापणीत नाही, पण जे ओढायला येऊन उभे राहिले, त्यांनाही कालवणापुरती मासळी. दोरयेक हात लाव, वाटो गावतलो, इतका साधा हिशेब. ज्या घरात कमावता पुरुष नाही, त्या घरातला बारा वर्षांचा पोरगा दोराला लागला की संध्याकाळी चूल पेटायची. त्याला कोणी दान म्हणत नसे. हात लावला, वाटा घेतला. मान खाली घालायचं कारणच नव्हतं.

पुढे हीच मासळी घाटीच्या दिशेने आत चालत जायची. बायका पाट्या डोक्यावर घेऊन आतल्या गावांत जायच्या, सुके बांगडे आणि गोलमो देऊन भात आणायच्या. पावसाळ्यात दर्या बंद. तेव्हा आगोटीला साठवलेली सुकी मासळी आणि पेज यांवर दिवस निघायचे.

आता, हे सगळं रामराज्य होतं असं मी म्हणणार नाही. जाळ्याचा वाटा ज्याचा, त्याच्या पदरात जास्त. बाई मासळी विकायची, सुकवायची, पण जाळ्यात तिचं नाव क्वचितच. परसाचंही तसंच. घर आपलं, जमीन दुसऱ्याची, अशी कुळं खूप होती. माड लावला कुळाने, नारळावर हक्क मालकाचा, यावरून भांडणं व्हायची. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला आणि कसणारी कुळं मालक व्हायला लागली, तेव्हा कुठे अनेकांना आपल्या परसात निर्धास्त माड लावता आला. म्हणजे वाटून खाणं नुसतं चांगुलपणावर टिकत नाही. त्याला हक्काचा आधार लागतो.

समुद्रात हा आधार सुटला तो यंत्रांच्या काळात. रापणीला मासळी किनाऱ्याजवळ यायला हवी. ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी ती वाटेतच उचलतात. सत्तरच्या दशकात गोव्यात रापणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा हे त्यांचं मोठं नाव. त्यातून १९८०चा कायदा आला आणि किनाऱ्यालगतचं पाणी पारंपरिक मासेमारांसाठी राखण्याची तरतूद झाली. दक्षिणेला कर्नाटकात तेच झालं, पण शेवट वेगळा. तिथे सत्तरच्या दशकाच्या मध्यात पर्ससीन आलं आणि काही वर्षांतच ‘रंपणी’ जवळजवळ संपली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. पर्ससीनला वेसण घालणारा आदेश त्यानंतर कितीतरी वर्षांनी, ५ फेब्रुवारी २०१६ला निघाला. नवे परवाने बंद, मासेमारीचे महिने ठरलेले. दंड वाढवण्यासाठी कायद्यात बदल व्हायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात मालवणच्या समुद्रात काय संघर्ष झाले, ते किनाऱ्यावरच्या लोकांना मी सांगायला नको.

या भांडणाच्या बातम्या नेहमी ‘पारंपरिक विरुद्ध आधुनिक’ अशा येतात. मला ते अर्धवट वाटतं. पर्ससीनमध्ये आलेली मासळी बंदरावर उतरते, बर्फात जाते, ट्रकात चढते. तिथे दोराला हात लावून उभं राहायला जागाच नसते. बारा वर्षांच्या त्या पोराचा वाटा कुठल्या हिशेबात येत नाही, म्हणून तो गेला तरी कुठे नोंद होत नाही.

परसाचंही असंच काहीसं चाललंय. १९९७ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली, देवबागला घरोघरी पैसा आला, आणि तो यायलाच हवा होता. पण जिथे आळू आणि केळ होती, तिथे पाहुण्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या. न्हाणीचं पाणी आता शोषखड्ड्यात जातं. पाहुण्यांना मालवणी थाळी वाढायची, तर नारळही कधी कधी बाजारातून आणावा लागतो.

आज पुण्या-मुंबईत गच्चीवर भाजी लावणारे गट आहेत, जास्तीची भाजी आपसात वाटतात. चांगलंच आहे. त्यांना आणि आपल्यालाही मालवणचा किनारा एक गोष्ट शिकवतो. वाटा टिकायला हवा असेल, तर तीन गोष्टी आधी ठरवायला लागतात : जागा कोणाची, पाणी कोणाचं आणि हात लावणाऱ्याला काय मिळणार. बाकी सगळं त्यानंतर.

रापण अजून लागते. तारकर्लीला, मालवणला पहाटे गेलात तर दिसेल. फोटो काढा, पण आधी दोराला हात लावा. आणि कोणी मूठभर पेडवे पुढे केले तर ‘नको नको’ म्हणू नका. तो तुमचा वाटा आहे.

भेटू पुढच्या भागात.