वर्गातील मदतनीस : वर्तनसमस्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील गाव होय. अशा गावातील मूल तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत जाते, तेव्हा तेथे साधारणतः दोन स्त्रिया असतात : सेविका आणि मदतनीस. तेच मूल सहाव्या वर्षी पहिलीत येते, तेव्हा मदतनीस मागे राहते व वर्गात एकटा शिक्षक उरतो. जागेवर न बसणारे, अकस्मात संतापणारे, इतरांना मारणारे किंवा वर्गाबाहेर पळणारे मूल याच टप्प्यावर शाळेला 'अवघड' वाटू लागते. वर्गातील या दुसऱ्या व्यक्तीची कल्पना कशी आली व ती प्राथमिक वर्गापर्यंत का पोहोचली नाही, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. पंतोजींच्या शाळेपासून अंगणवाडीपर्यंत

पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून अक्षरे गिरवून घेत. मद्रासच्या अनाथाश्रमात राबविलेल्या अशाच स्वरूपाच्या पद्धतीचा वृत्तान्त अँड्र्यू बेल यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र ही मदत पाठांतर व शिस्त यांपुरती होती. न जुळणाऱ्या मुलासाठी छडी हाच उपाय होता.

या दृष्टीत मूलभूत बदल घडविला तो बालशिक्षणाच्या चळवळीने. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यात सहभागी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच वस्तीच्या अंगणात व गुरे चारण्याच्या कुरणात न्यावी, हा त्यांचा मार्ग होता. मूल शाळेला जुळत नसेल तर शाळेने मुलाला जुळावे, हे तत्त्व येथे रुजले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडीसोबत 'मदतनीस' हे पद गावोगावी पोहोचले.

२. कायद्याची वाटचाल

१९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या परभणी जिल्ह्यात, महाराष्ट्रातील इतर जिल्ह्यांप्रमाणेच, १९६२ पासून प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा परिषदेकडे आला. अपंग बालकांना शक्यतो सामान्य शाळांतच सामावून घ्यावे, असे कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविले. १९७४ च्या केंद्रीय एकात्मिक शिक्षण योजनेने त्याला रूप दिले. परंतु तिच्यातील मदतनिसाची कल्पना मुख्यतः शारीरिक अपंगत्वाशी निगडित राहिली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते; २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. त्यांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांना स्थान मिळाले, अतिचंचलतेला मात्र स्वतंत्र स्थान मिळाले नाही.

दरम्यान २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास आणि शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली. छडी गेली हे योग्यच झाले. परंतु तिची जागा घेणारे मनुष्यबळ आले नाही. महाराष्ट्रात २०२४ मध्ये ४,८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर झाली, म्हणजे केंद्रामागे एक. अनेक शाळांचा भार असलेला हा शिक्षक ठरलेल्या दिवशी येतो. मुलाचा संताप त्याच्या फेरीची वाट पाहत नाही.

३. मदतनिसाचे कार्य

मदतनीस म्हणजे मुलावर ठेवलेला पहारेकरी नव्हे. मूल अस्वस्थ होऊ लागल्याची चिन्हे ओळखणे, कामाचे लहान टप्पे पाडणे, काही मिनिटे बाहेर नेऊन परत वर्गात आणणे आणि प्रसंगापूर्वी व नंतर काय घडले याची नोंद ठेवणे, हे तिचे कार्य होय. नोंदीतूनच कळते की मूल 'विनाकारण' भडकत नाही. कधी गोंगाट, कधी न समजलेले वाचन, तर कधी चेष्टा त्यामागे असते.

मात्र यात धोकाही आहे. मदतनीस सतत चिकटून राहिल्यास मूल शिक्षक व सोबती यांच्यापासून दुरावते, असे अमेरिकेत मायकेल जियानग्रेको व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. म्हणून हळूहळू मागे सरणे हीच चांगल्या मदतनिसाची कसोटी ठरते.

निष्कर्ष

१. वर्गातील दुसऱ्या व्यक्तीची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. ती बालशिक्षणात रुजली, पण पहिलीच्या उंबरठ्यावर थांबली.

२. कायद्याने मुलाला वर्गात राहण्याचा हक्क दिला. त्या वर्गात त्याला सांभाळून घेणारी व्यक्ती दिली नाही. परिणामी मूल पटावर राहते, शिक्षणात राहतेच असे नाही.

३. अंगणवाडीची मदतनीस गावातीलच असते. मुलाचे घर व स्वभाव तिला ठाऊक असतात. तिच्या अनुभवाची नोंद पहिलीच्या शिक्षकाकडे जावी आणि इच्छुक मदतनिसांना योग्य मानधनासह प्रशिक्षण देऊन प्राथमिक वर्गात काम द्यावे. चुडाव्यासारख्या गावांसाठी ही सुरुवात आवाक्यातील आहे.