राजाचे झाड आणि भोगवर्धनचे दाते

१/
मध्य प्रदेशातील सांचीच्या दक्षिण तोरणावर एक विलक्षण शिल्प आहे. एका झाडापाशी राजा आला आहे, पण त्याचे पाय लटपटत आहेत. दोन राण्यांनी दोन्ही बाजूंनी त्याला सावरून धरले आहे. अनेक अभ्यासक या राजाला सम्राट अशोक आणि झाडाला बोधगयेचा बोधिवृक्ष मानतात. सांचीच्या त्या महास्तूपासाठी दान देणाऱ्यांत आजच्या जालना जिल्ह्यातील माणसेही होती.

२/
जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेस, केळणा नदीच्या काठी वसलेले हे नगर सातवाहन काळात भरभराटीस आले होते. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांशी त्याचा संबंध होता. १९७०च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा या नगराचे वैभव मातीतून वर आले.

३/
सांची भोकरदनपासून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. तेथील कठड्यांवर आणि फरशीच्या दगडांवर शेकडो लहान लहान ब्राह्मी लेख आहेत. दात्याचे नाव, त्याचे गाव आणि ‘दान’ हा शब्द, एवढाच बहुतेकांचा मजकूर. त्यांत भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, सामान्य गृहस्थ आणि स्त्रियाही आहेत. या लेखांत ‘भोगवढन’ हे गावाचे नाव आढळते.

४/
मग या दात्यांच्या श्रद्धेला सांचीत कोणते दर्शन घडत होते? मानवी रूपातील बुद्ध तेथील प्रारंभीच्या शिल्पांत नाही. जेथे बुद्ध असावयाचा, तेथे बहुधा एक रिकामे आसन असते आणि त्यावर पसरलेला पिंपळ. माणसे त्यापुढे हात जोडून उभी आहेत, कोणी माळा वाहत आहे. बुद्धापुढे नतमस्तक होणे म्हणजे या शिल्पांत झाडापुढे नतमस्तक होणे होय.

५/
शिवाय हे झाड म्हणजे कोणतेही झाड नव्हे. बौद्ध परंपरेत गौतमापूर्वीचेही बुद्ध मानले जातात आणि प्रत्येकाचा बोधिवृक्ष निराळा असतो. विपश्यीचा पाडळ, क्रकुच्छंदाचा शिरीष, कनकमुनीचा उंबर, काश्यपाचा वड आणि गौतमाचा पिंपळ. वड, पिंपळ आणि उंबर तर मराठवाड्यातल्या माणसाच्या रोजच्या ओळखीचे. चेहऱ्यावरून माणूस ओळखावा, तसा पानांवरून येथे बुद्ध ओळखला जाई.

६/
आता त्या लटपटणाऱ्या राजाची कथा. ‘अशोकावदान’ हा संस्कृत ग्रंथ या शिल्पानंतरचा; परंतु शिल्पकारांना अशीच एखादी कथा ठाऊक असावी. राजा आपली उत्तमोत्तम रत्ने ‘बोधी’ला पाठवतो, हे राणी तिष्यरक्षितेच्या कानी आले. बोधी ही आपली सवत आहे, असे समजून तिने एका मांत्रिक स्त्रीकरवी तिचा नाश आरंभला. मंत्र म्हणून झाडाला दोरा बांधला गेला आणि बोधिवृक्ष सुकू लागला.

७/
ती वार्ता ऐकताच अशोक मूर्च्छित होऊन कोसळला. बोधी नाहीशी झाली तर आपणही जगणार नाही, असे तो म्हणू लागला. सवत म्हणजे स्त्री नसून झाड आहे, हे राणीला तेव्हा कळले. मग त्याच मांत्रिक स्त्रीने दोरा सोडला, झाडाभोवती खणले आणि दररोज हजार घागरी दूध घातले. झाड पुन्हा हिरवे झाले. दोरा सोडल्यावरही झाडाला जपावे लागले, त्याच्या मुळांशी घागरी रित्या कराव्या लागल्या, हे या कथेत विसरता येत नाही.

८/
झाडाला इच्छा असते, हाही त्या काळचा दृढ समज होता. तरुणीच्या पायाचा स्पर्श झाल्यावाचून अशोकवृक्ष फुलत नाही, असा कविसंकेत होता. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त नायिका याचसाठी अशोकाला लत्ताप्रहार करते. झाडाच्या या इच्छेला संस्कृतात ‘दोहद’ म्हणत. गर्भवतीच्या इच्छेसाठीही तोच शब्द होता आणि त्यावरूनच मराठीतला ‘डोहाळे’ हा शब्द आला. पोटुशी लेक आणि कळ्यांवर आलेले झाड यांना एकच शब्द पुरत असे.

९/
सांचीच्या पूर्व तोरणावरील यक्षी आंब्याची फांदी धरून, बुंध्याला टाच लावून उभी आहे, ती याच भावविश्वातून आलेली. दक्षिण तोरणाचा एक लेख सांगतो की तेथील कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. दुसऱ्या लेखात राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे नाव आहे. हस्तिदंताची ही कला भोगवर्धनलाही परिचित होती. तेथील उत्खननात स्त्रीमूर्तीचे हस्तिदंती अवशेष सापडले.

१०/
या अवशेषांचे साम्य थेट इटलीत आढळते. १९३८ साली पाँपेईत एक हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली. इ.स. ७९ च्या ज्वालामुखी उद्रेकात ती गाडली गेली होती. तिला लक्ष्मी म्हटले गेले, तरी अनेक अभ्यासक तिला यक्षी समजतात. म. के. ढवळीकरांनी ती भोकरदनची असल्याचे मत मांडले. मूर्तीवर वायव्य भारतातील खरोष्ठी लिपीतले अक्षर असल्याने वाद संपलेला नाही. तिची एक हात डोक्यामागे नेऊन, पाय दुमडून उभे राहण्याची ढब मात्र वृक्षाश्रित यक्षींची आठवण करून देते.

११/
काळ पालटला, राजवटी बदलल्या, तरी हे नाते मराठी मुलखातून पुसले गेले नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी लाकूड तोडण्याबाबत सक्त ताकीद दिली आहे. आंबा-फणसाची झाडे रयतेने दीर्घकाळ लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, असे त्यातले म्हणणे आहे. हिशेबाची वही सांभाळणाऱ्या राज्यकारभारानेही झाडाची किंमत केवळ लाकडात मोजली नाही.

१२/
आज जालना हा महाराष्ट्रातील अत्यल्प वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. त्याची ओळख मोसंबीच्या बागांची. २०१२-१३ च्या दुष्काळात या बागा जळू लागल्या, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडांच्या आळ्यांत ओतले. अनेकांना वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली. ती झाडे पूजेची नव्हती, पोटापाण्याची होती. पण वर्षानुवर्षे वाढवलेले झाड डोळ्यांदेखत सुकताना पाहणे म्हणजे काय, हे सांचीच्या त्या शिल्पातल्या राजाचे पाय सांगतात. भोगवर्धनच्या दात्यांनी स्वतःच्या कमाईतला वाटा ज्या स्तूपासाठी दिला, तेथील दगडाने दोन हजार वर्षे हे दुःख जपून ठेवले आहे.