धरणाच्या पोटातलं कापड

मी दिवसभर कोड लिहितो, पण आजची गोष्ट कापडाची आहे. तेही धरणाच्या पोटात घातलेल्या.

मातीच्या धरणातून पाणी थोडंफार झिरपतंच. खरी भीती पाण्याची नाही, त्याच्यासोबत निघणाऱ्या मातीची. कण कण वाहत गेला, की आत पोकळ वाट तयार होते. ५ जून १९७६ ला अमेरिकेतलं टीटन धरण असंच आतून पोखरलं जाऊन फुटलं. ११ माणसं गेली.

यावर जुना उपाय म्हणजे नीट चाळलेल्या वाळूचा थर. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. मग हे काम कापड करेल का? १९५० च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दगडांखाली विणलेलं प्लास्टिकचं कापड घालून पाहिलं गेलं. पण धरणाच्या आत? तिथे चूक झाली तर दिसतही नाही!

१९७० मध्ये फ्रान्समध्ये वालक्रोस नावाचं १७ मीटर उंचीचं मातीचं धरण बांधलं गेलं. इंजिनिअर झाँ-पिएर जिरू यांनी निचऱ्याच्या खडीभोवती पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड गुंडाळलं. लग्नाच्या मांडवात अंथरतात ना, ते कार्पेट आठवा. साधारण तसंच: सुयांनी टोचून धागे एकमेकांत गुंतवलेले.

आता गंमत बघा. विणलेल्या कापडात आडव्या-उभ्या धाग्यांमधली भोकं सरळ आरपार असतात, चहाच्या गाळणीसारखी. न विणलेल्यात मात्र वाट वाकडीतिकडी, आणि एकाच वाटेवर अनेक अरुंद जागा. मग सगळ्यात बारीक भोकं असलेलं कापड घ्यायचं का? नाही! ते गाळाने तुंबतं, मागे पाण्याचा दाब वाढतो. भोकं फार मोठी, तर माती निसटते.

बरोबर मापाचं कापड सगळे कण अडवतच नाही. सुरुवातीला थोडे बारीक कण निघून जातात, जाडे अडकतात. त्या जाड्यांच्या मागे मधले, त्यांच्या मागे बारीक. म्हणजे शेवटी माती मातीलाच अडवते! कापड फक्त पहिली रांग धरून ठेवतं.

वालक्रोसच्या कापडाचे नमुने पुढे १९७६ आणि १९९२ मध्ये काढून तपासले. २२ वर्षांनंतरही ते काम करत होतं. आणि ‘जिओटेक्स्टाइल’ हा शब्द? तोही जिरूंचाच, १९७७ चा.

नवा रस्ता किंवा भराव बांधताना मातीवर पांढरं-काळं कापड अंथरलेलं दिसलं, तर जरा थांबून बघा. विणलेलं आहे की मांडवातल्या कार्पेटसारखं?