एका रुळावर दोन कंपन्या

निमेगनला एन.एस.च्या गाडीतून उतरून फेनलोकडे जाणारी अरिवाची गाडी पकडताना एका खांबावर कार्ड लावून ‘बाहेर’ आणि दुसऱ्या खांबावर लावून ‘आत’, हा द्राविडी प्राणायाम आपल्यापैकी अनेकांनी केला असेल. भारतातून आलेले आई-बाबा हमखास विचारतात, "रेल्वे एकच ना, मग हा खटाटोप कशाला?"

उत्तर इतिहासात आहे. इथली पहिली आगगाडी २० सप्टेंबर १८३९ रोजी अ‍ॅमस्टरडॅम–हार्लेम धावली, आपल्या बोरीबंदर–ठाणे गाडीच्या साडेतेरा वर्षं आधी. तीही खाजगी कंपनीचीच. पुढे स्पर्धा परवडेना, म्हणून १९१७ पासून दोन मोठ्या कंपन्या एकत्र कारभार पाहू लागल्या आणि १९३८ मध्ये त्यांची एन.एस. झाली.

१९९१ मध्ये युरोपने फर्मान काढलं: रुळांचा हिशेब वेगळा, गाड्यांचा वेगळा. मग १९९६ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांत पर्यटकांच्या बोटी चालवणाऱ्या लोव्हर्सने थेट आयमाउडनला आगगाडी सोडली! पुढे अ‍ॅमस्टरडॅम–हार्लेम या मूळ मार्गावरही ते उतरले. पण एन.एस.च्या गाड्या तिथे सारख्या धावत होत्या. वेगळं तिकीट काढून लोव्हर्सच्या गाडीची वाट कोण बघणार? १९९९ मध्ये गाशा गुंडाळला.

सरकार त्यातून शिकलं. एकाच रुळावर भांडण्याऐवजी मार्ग मिळवण्यासाठी भांडा! मुख्य जाळं एन.एस.कडे राहिलं, छोट्या प्रादेशिक मार्गांसाठी निविदा निघू लागल्या. अनेक ठिकाणी फेऱ्या वाढल्या. रूळ सांभाळायला प्रोरेल आली.

पण खेळाडू तगडा असेल तर पंचही खमका हवा. लिम्बुर्गच्या निविदेत एन.एस.च्या गोटात प्रतिस्पर्ध्याची गोपनीय माहिती पोचल्याचं २०१५ मध्ये बाहेर आलं आणि मार्ग अखेर अरिवाला मिळाला. स्पर्धा नियामक ए.सी.एम.ने २०१७ मध्ये एन.एस.ला सुमारे ४ कोटी १० लाख युरो दंड ठोठावला. २०१९ मध्ये कोर्टाने तो रद्द केला, २०२१ मध्ये अपिलातही तेच झालं. म्हणजे गैरप्रकार दिसणं वेगळं, आणि बाजारातली मक्तेदारी कायद्याने सिद्ध करणं वेगळं.

तेव्हा आई-बाबांना सांगा, ते दोन खांब म्हणजे स्पर्धेची किंमत. ती आपण मोजतो, आणि कधीकधी वसूलही होते, लहान गावाला तासाला एकाऐवजी दोन गाड्या मिळतात तेव्हा!