वत्सगुल्माचे सुदर्शन : वाशीम परिसरातील जलस्थळे आणि इतिहासाची साक्ष

महापरिनिब्बान सुत्तात वैशालीच्या निरोपाचा एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध चापाल चैत्यावर बसले असता आनंदाला एकेक स्थळ नावानिशी सांगतात : उदेन चैत्य, गोतमक चैत्य, सत्तंब, बहुपुत्त, सारंदद. ही सर्व स्थळे रमणीय आहेत, असे ते म्हणतात. आयुसंस्काराचा त्याग करण्यापूर्वीचे हे उद्गार आहेत, म्हणून त्यांचे मोल विशेष. अंगुत्तरनिकायाच्या एकक निपातातही रमणीय स्थळांची गणना आढळते. आराम, वन, भूमी आणि पुष्करिणी अशी ती चार आहेत. जगात अशी स्थळे थोडी, खाचखळग्यांची भूमी व दुस्तर नद्या अधिक, असे तेथे म्हटले आहे. स्थळाच्या रमणीयतेकडे पाहण्याची दृष्टी पालि वाङ्मयाला परकी नाही, हे यावरून ध्यानी यावे.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, वऱ्हाडात व्याख्यानाच्या अखेरीस एक प्रश्न आम्हांस हमखास विचारला जातो : "आमच्या वाशीम जिल्ह्यात बौद्धांचे काय आहे?" विचारणाऱ्याच्या मनात अजिंठ्यासारखे लेणे असते. तसे लेणे दाखविता येत नाही, म्हणून उत्तर ऐकून त्याचा हिरमोड होतो. मग कोणी एखाद्या टेकडीला स्तूप ठरवितो, तर कोणी जुन्या तलावाला विहाराचे कुंड म्हणतो. ही वाट आम्हांस मान्य नाही. वाशीमच्या डोंगरपाण्याची खरी साक्ष काय आहे आणि ती कोठवर नेता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दोन समुद्रांचा पाणलोट

अजिंठ्याची डोंगररांग पूर्वेकडे उतरत वाशीम जिल्ह्यात येते. या काळ्या पाषाणाच्या पठारावर पडलेल्या पावसाच्या वाटा फुटतात. काटेपूर्णा उत्तरेस वाहत जाऊन पूर्णेला मिळते आणि पूर्णेवाटे तिचे पाणी तापीत व पुढे पश्चिम समुद्रात जाते. अडाण, अरुणावती, पूस या नद्यांचे पाणी मात्र वर्धा-पैनगंगेच्या वाटेने गोदावरीच्या खोऱ्यात व तेथून पूर्व समुद्रास पोहोचते. पैनगंगा स्वतः बुलढाणा जिल्ह्यात उगम पावून वाशीमच्या दक्षिण अंगाने वाहते. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणाऱ्या वाघोरेचे पाणीही अखेर तापीलाच मिळते. म्हणजे काटेपूर्णेचे आणि वाघोरेचे पाणी एकाच नदीत एकत्र येते. हा भूगोल पुढील इतिहासासाठी लक्षात ठेवावा.

पाणलोटाच्या माथ्यावरील प्रदेशात पाणी थांबत नाही, ते थांबवावे लागते. वाशीम नगरातील पद्मतीर्थ, बालाजी मंदिराजवळील देव तलाव आणि परंपरेने सांगितली जाणारी १०८ तीर्थे यांच्यामागे श्रद्धा आहेच. पण पाणी अडविल्याशिवाय येथे नगर वसू शकत नव्हते, ही गरजही त्यांच्यामागे आहे. आजही वाशीम शहराची तहान एकबुर्जी जलाशयावर अवलंबून आहे.

वत्सगुल्म

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याचा पुत्र सर्वसेन याने येथे स्वतंत्र शाखा स्थापिली. 'हरिविजय' हे त्याचे प्राकृत काव्य आज लुप्त आहे, तरी साहित्यशास्त्रकारांनी त्याची आठवण जपली. पुढे राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लावून दिला.

सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीम येथे उजेडात आला. तो त्याच्या राज्यारोहणाच्या ३७ व्या वर्षीचा आहे. पालि-प्राकृताच्या अभ्यासकास त्याचे विशेष अगत्य वाटावे, कारण त्यातील राजवंशाचे वर्णन संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात आहे. राजाचे मोठेपण एका भाषेत आणि गावकऱ्यांशी संबंध असलेली बाब दुसऱ्या भाषेत, अशी ही विभागणी आहे. दान दिलेले गाव नांदीकडच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तरमार्गात होते. पैनगंगेपलीकडील भूमीवरही वत्सगुल्माची आज्ञा चालत होती, हे त्यावरून दिसते.

बोराळ्याचा शिलालेख

वाशीमच्या दक्षिणेस काही मैलांवर हिस्से बोराळा हे गाव आहे. तेथील शिलालेख वत्सगुल्म शाखेच्या देवसेन राजाच्या काळातील आहे. त्याचा आज्ञाकर स्वामिल्लदेव याने 'सुदर्शन' नावाचा जलाशय निर्माण केल्याची नोंद त्यात आहे. वाकाटकांच्या लेखांत बहुधा राजवर्षे दिलेली असतात. त्यामुळे अमुक राजाचे अमुक वर्ष म्हणजे नेमके कोणते, हे ठरविणे कठीण जाते. बोराळ्याच्या लेखात मात्र शक ३८० हा स्पष्ट निर्देश असून सप्तर्षींच्या स्थितीचाही उल्लेख आहे. शक ३८० म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमाराचा काळ.

या एका आकड्याचे महत्त्व फार मोठे आहे. देवसेनानंतर त्याचा पुत्र हरिषेण गादीवर आला आणि अजिंठ्याच्या लेण्यांचे दुसरे पर्व मुख्यत्वे हरिषेणाच्या काळाशी जोडले जाते. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील लेखात संवत्सर नाही. म्हणून अजिंठ्याच्या कालनिर्णयाची चर्चा करणाऱ्या अभ्यासकास बोराळ्याच्या तलावाची तिथी विचारात घ्यावीच लागते. विश्वविख्यात चित्रांचा काळ मोजताना वाशीमजवळील पाण्याच्या एका कामाचा आधार घ्यावा लागतो, ही गोष्ट वाशीमकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

नावाचा मोह

'सुदर्शन' हे नाव ऐकताच बौद्ध वाचकाला दीघनिकायातील महासुदस्सन सुत्त आठवेल. त्यातील राजा कुशावती नगरीत ताडांच्या रांगांमध्ये पुष्करिणी खोदवितो आणि त्यांच्या काठी लोकांसाठी अन्नवस्त्रांच्या दानाची व्यवस्था करतो. तेव्हा बोराळ्याचे सुदर्शन बौद्ध होते, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो. केवळ नामसाम्यावर धर्म ठरत नाही.

या नावाचा अधिक जवळचा आदर्श गिरनारच्या पायथ्याशी होता. तेथील सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळात पुष्यगुप्ताने बांधला आणि अशोकाच्या काळात तुषास्फाने त्याला पाट काढून दिले. शक ७२ मध्ये तो अतिवृष्टीने फुटला. मंत्र्यांनी उत्साह दाखविला नाही, प्रजा हवालदिल झाली. तेव्हा रुद्रदामनाने कर वा वेठ न लादता स्वतःच्या कोशातून तो दुरुस्त केला. स्कंदगुप्ताच्या काळात, इ. स. ४५५-५६ च्या पावसाळ्यात, तो पुन्हा फुटला आणि पर्णदत्ताचा पुत्र चक्रपालित याने लगोलग बांधून काढला. 'सुदर्शन' ते 'दुर्दर्शन' झाले, अशी खंत तेथील प्रशस्तिकारांनी व्यक्त केली आहे. त्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत वत्सगुल्माजवळ दुसरे सुदर्शन आकारास आले. काठियावाडची वार्ता येथवर पोहोचली असेल, असे अनुमान करता येते. परंतु ते अनुमानच होय.

मग या तलावाचा धम्माशी संबंध काय? संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात एक देवता भगवंतांस विचारते, कोणाचे पुण्य अहोरात्र वाढते? उत्तरात बागा व वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई व विहीर देणारे, निवारा देणारे येतात. त्यांत पंथाची अट नाही. स्वामिल्लदेव कोणत्या देवतेला भजत होता, हा प्रश्न त्या कसोटीवर गौण ठरतो.

मंत्र्याचे दान

आता अजिंठ्याकडे वळू. १६ व्या लेण्याचा दाता वराहदेव हा हरिषेणाचा मंत्री होता. त्याचा पिता हस्तिभोज देवसेनाचा मंत्री होता आणि देवसेनाने राज्यकारभार त्याच्यावर सोपविला होता, असे लेखावरून कळते. म्हणजे ज्या राजवटीत बोराळ्याचा तलाव झाला, तिच्या कारभाराची सूत्रे याच घराण्याकडे होती. घटोत्कच लेण्यातील लेख या घराण्याचे मूळ वल्लूर ब्राह्मणांत सांगतो. त्याच घरातील पुरुषाने आयुष्य, तारुण्य, संपत्ती व सुख यांची अनित्यता जाणून, मातापित्यांसाठी भिक्षुसंघाला लेणे दिले. लेण्याचे वर्णन करताना लेखकाने चित्रवीथी आणि चैत्यमंदिर यांच्याबरोबर विपुल जलसाठा व नागेंद्राचे स्थान यांचाही उल्लेख केला आहे. वाघोरेच्या काठावरही पाण्याची आठवण सुटलेली नाही.

अजिंठ्यासारखी कड्याची नालाकार दरी वाशीम नगराजवळ नाही. लेणे जेथे कडा होता तेथे कोरले गेले, कारभार जेथे राजधानी होती तेथून चालला. म्हणून "आमच्या जिल्ह्यात काय आहे?" या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे : ज्या राजसत्तेच्या मंत्र्याने अजिंठ्याला दान दिले, तिची नगरी येथे आहे. त्या दानाचा काळ समजण्यास साहाय्य करणारा तलावाचा लेख येथे आहे. आणि ज्या पठारावर पाणी अडविणे हेच मोठे पुण्यकर्म होते, ते पठार येथे आहे. एवढी साक्ष खरी आहे आणि ती पुरेशी आहे. खोट्या स्तूपाची तिला गरज नाही.

विदर्भातून दरवर्षी अजिंठा-वेरूळच्या सहली निघतात. समृद्धी महामार्गाने जाणारी वाहने कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून न थांबता पुढे जातात. संयोजकांनी एक दिवस वाशीमसाठी राखावा. सकाळी पद्मतीर्थ पाहावे, मग बोराळ्याच्या वाटेने दक्षिणेस पैनगंगेकडे उतरावे. सवड असेल तर उत्तरेस काटेपूर्णेचे अभयारण्य किंवा कारंजा-सोहोळ येथील काळविटांचे माळरान पाहावे. हरणांना अभय असलेले वन म्हणजे काय, हे ऋषिपतनाच्या मृगदायाची कथा ऐकलेल्या मुलांना तेथे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

धम्मपदाच्या अरहंतवग्गात गाव असो वा अरण्य, अरहंत जेथे राहतात ती भूमी रमणीय होय, असा आशय आहे. रमणीयता ही तेथे राहणाऱ्यांच्या आचरणावर अवलंबून आहे. पंधराशे वर्षांपूर्वी एका राजसेवकाने या भूमीवर पाणी अडविले आणि त्याला 'सुदर्शन' म्हटले. आज आपल्या गावाजवळील तलाव गाळाने भरू दिला, तर तेथे कितीही फलक लावले तरी तो दुर्दर्शनच राहील. वाशीमच्या उपासकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील जुन्या जलस्थळांची नोंद करावी, काठावर कोरीव दगड दिसल्यास तो न हलविता जाणकारांस कळवावे आणि गाळ काढण्याच्या श्रमदानात पुढे असावे. इतिहासाचा अभ्यास आणि वनरोप सुत्ताचे आचरण या दोन्ही गोष्टी त्यायोगे एकाच वेळी साधतील.